गली नंबर नौ

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही 'जेवलीस का' एवढं विचारता आणि रिसीव्हर आईकडे देता, म्हणून हे पत्र. आधी एकट्याने वाचा. कंपनीच्या बसमध्ये वाचलंत तरी चालेल, नंदेसरी येईपर्यंत सगळे घोरत असतात असं तुम्हीच सांगता.

पुणं अंगवळणी पडलंय. माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी येणाऱ्या बडोदी 'ने'ला ऑफिसातले हसतात आणि वरणात साखर घालते म्हणून खोलीतल्या मुली मला गुजराती समजतात. मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही. पण मला बोलायचंय ते गेल्या वर्षाबद्दल. पत्रिका छापून आल्यावर त्या लोकांनी लग्न मोडलं, धड कारणही सांगितलं नाही. मी मागच्या खोलीत जाऊन बसले ती बसलेच. माझ्यासमोर लग्नाचं नाव काढायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. आई खंडोबाला कौल लावत होती, आत्या रोज नवा उपास सुचवत होती आणि तुम्ही गप्प. सगळं खानदान पूर्वी संस्थानाच्या फौजेतलं, ह्यांना बोलायलाही वरून हुकूम लागतो, असं मी मनात म्हणायचे. राग यायचा तुमचा.

तेव्हा आपल्या धाकट्या समरजितने कॉलेजातून ती कॅसेट आणली. बेंगलोरच्या चार पोरांचा बँड, नाव 'गली नंबर नौ'. छाणीच्या आपल्या सोसायटीत आपली गल्लीही नववीच, म्हणून गंमत म्हणून लावली आणि गुंतले. खिडकी उघडी ठेवून कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसाचं ते संथ गाणं तर मी वॉकमनचे सेल संपेपर्यंत ऐकायचे. आईच्या कौलाला हसणारी मी, पण ह्या गाण्याचं मात्र मला सगळं खरं वाटायला लागलं. आईच्या गोळ्या आणायला पहिल्यांदा घराबाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या जयंतीभाईंच्या दुकानात, जिथे जन्मात भजनांशिवाय काही वाजलं नाही, तिथे तेच गाणं. दुसऱ्या आठवड्यात ब्लाउज शिवायला टाकायला गेले, तर शिंप्याकडे तेच. मला वाटलं, कुणीतरी मला बाहेर बोलावतंय. मग मी रोज थोडी पुढे जायला लागले. कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं ते त्याच भरात.

आणि मग ती वरात. कुण्या पटेलांचं लग्न, पाणीगेटचा बँड, लाल कोट, पितळी वाद्यं, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी ते रडवं गाणं वाजवायला घेतलं. लोकांनी त्याच्यावरही गरबा धरला. बडोद्याचे लोक, त्यांना चाल कुठलीही चालते. मी गच्चीवर उभी राहून हसत होते आणि रडत होते. त्याच रात्री पुण्याच्या नोकरीचा अर्ज भरला.

एवढा मोठा योगायोग पचेना, म्हणून निघायच्या आधी पाणीगेटला जाऊन बँडमास्तर विश्वंभरकाकांना विचारलं, हे गाणं तुम्हाला कुठून मिळालं. ते म्हणाले, "अगं बेन, तुझ्या बाबांनी आठवडाभर आमचं माथं खाल्लं ने! कॅसेट घेऊन रोज यायचे. त्यांना स्वतःला गाता येत नाही, तरी गाऊन दाखवत होते." येताना जयंतीभाईंना विचारलं, तर ते हसायलाच लागले. शिंप्याकडे गेलेच नाही.

बाबा, तुम्ही गात होतात, बँडवाल्यांसमोर, भर बाजारात. आमच्या कुणाच्या बारशालाही तुम्ही तोंड उघडलं नसेल. मी तुम्हाला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही पेपर उघडून बसला असतात. स्टेशनवर तुमच्या पाया पडले तेव्हा जरा जास्त वेळ वाकले होते, ते ह्यासाठी. गल्लीचा नंबर तेवढा तुमच्या हातचा नव्हता, बाकी सगळे योगायोग तुमचेच.

आता कामाचं. आमच्या ऑफिसातल्या विहंगने मला लग्नाचं विचारलंय. चांगला आहे, हिशेबाच्या खात्यात आहे, गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. त्याच्या-माझ्यात योगायोग म्हणावा असं काही म्हणजे काही जुळून येत नाही. पंधरा दिवस मी कान टवकारून बसले, पण कुठे काही वाजलं नाही. तरी तो मला फार आवडतो. हो म्हणायला तोंड उघडते आणि त्या छापलेल्या पत्रिका डोळ्यांपुढे येतात. म्हणून तुम्ही या. त्याला भेटा, त्याच्या घरी जाऊन या आणि मग काय वाटतं ते मला सांगा. कुणाकरवी नको, तुमच्या तोंडून. नाही म्हणालात तर मी भांडेन, पण आधी ऐकून घेईन. तुम्ही येईपर्यंत त्याला थांबायला सांगितलंय. बाबांना सुट्टी मिळायला वेळ लागेल म्हटलं, तर म्हणाला, लागू दे, मी थांबतो.

तुमचीच,
स्नेहल