उरलेली अकरा पत्रं

१२ जानेवारी २०१६
मासिक बंद होणार. शू लिंगने, म्हणजे आमच्या मॅनेजरबाईंनी, चहाचा कप हातात घेऊन टेबलाशी येऊन सांगितलं. मार्चचा अंक शेवटचा. अमेरिकेतल्या जर्मन वंशाच्या मंडळींसाठी बिअरचे उत्सव, नाताळचे बाजार, आजीचे केक असलं सगळं इंग्रजीत छापणारं त्रैमासिक, आणि त्याची पानं लागतात इथे सिंगापुरात, तांजोंग पगारला! वाचक म्हातारे होऊन जातात, मुलं वर्गणी भरत नाहीत. "व्हॉट टू डू, लाह," म्हणाली.

माझं त्यात एकच पान. वाचक घरातली जुनी जर्मन पत्रं पाठवतात. अक्षर असं जुन्या वळणाचं की आजच्या जर्मनांनाही लागत नाही. मी ते लावते, इंग्रजी करून देते. पुण्यात हौसेने शिकले होते. आई म्हणायची, उपयोग काय याचा. चार वर्षं झाला उपयोग. संपला.

१५ जाने.
वॉल्टर आजोबांच्या पत्रांचं काय? (आजोबा मीच म्हणते. विस्कॉन्सिनचे, वय ८९.) दुसऱ्या महायुद्धात, एकोणिसाव्या वर्षी, अमेरिकन सैन्यात होते तेव्हा आईने पाठवलेली चौदा पत्रं. घरी जर्मन बोलायचे, पण शाळा इंग्रजी, वाचता कधी आलंच नाही. लढाई जर्मनांशीच, छावणीत कोणाला म्हणणार वाचून दे? अंदाजाने इंग्रजीत उत्तरं धाडली. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सत्तर वर्षं पत्रं तशीच.

एका अंकात एक पत्र. दोन छापली, मार्चला तिसरं. उरली अकरा.

२ फेब्रु.
शनि-रवि घरीच लावते आहे. गाय, बटाटे, शेजाऱ्यांकडचं लग्न. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच: मी विचारते त्याचं उत्तर तू कधीच देत नाहीस. रागावला आहेस का?

जेवताना लेकीला, इराला, सांगितलं. "सो सॅड," म्हणाली आणि परत फोनमध्ये. चौदा वर्षांची घोडी. मराठी ऐकून सगळं कळतं, बोलणं इंग्रजी, वाचणं शून्य.

९ फेब्रु.
पुण्याहून आईचं पत्र, इराच्या नावाने. दर महिन्याला येतं. आता लिहूनच टाकते, निदान इथे तरी: उत्तरं मी लिहिते. इरा म्हणून. तीन वर्षं. बाळबोध अक्षर काढते, मुद्दाम एकदोन चुका करते. पहिल्या वेळी इराला बसवलं होतं, तिने रडून गोंधळ घातला, आणि तिकडे आई वाट बघत होती. म्हटलं, एकदाच. मग थांबता येईना. फोनवर इरा "हाय आजी, आय ॲम फाइन" एवढंच म्हणते. आईला वाटतं, पोर लाजाळू आहे, पण लिहिते छान.

नवरा, श्री, म्हणतो, तेवढाच त्यांना आनंद. मला लाज वाटते.

२१ फेब्रु.
अगं, वाचता येत नाही, पण ऐकून कळतं ना त्यांना! अकराही पत्रं मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड केली. पंखा बंद, बुकित पंजांगच्या घरातली दुपार, घामाच्या धारा. उच्चार पुणेरी, पण आईचे शब्द तर आईचेच. आजोबांच्या मुलीला, कॅरनला, पाठवून दिली. खूप दिवसांनी बरं वाटलं.

१ मार्च
कॅरनची मेल. या थंडीत आजोबांचे कान पूर्ण गेले. यंत्राचाही उपयोग नाही. फोन कानाशी धरून हसले म्हणे, सगळ्यांचं मन राखायला. इंग्रजीच पाठवा, मी मोठ्या अक्षरात लिहून देईन.

चार महिने आधी सुचलं असतं तर! मी समास आणि फोटोंच्या चौकटी नीट करत बसले, तीन महिन्यांनी एक पत्र छापत. माझंच चुकलं.

२ मार्च
इंग्रजी पाठवलं. प्रत्येक पत्रातली ती शेवटची ओळ गाळावी असं फार वाटलं. नाही गाळली.

२४ मार्च
अंक छापायला गेला. टेबल आवरलं. कॅरनची मेल: बाबांनी सगळी वाचली. मग कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घालून पाकिटात टाकलं आणि आता त्यांच्या आईचा पत्ता विचारताहेत. काय सांगू?



२ एप्रिल
आईचं पत्र. इराच्याच नावाने. उतरवून ठेवते:

"चि. इरास अनेक आशीर्वाद. तुझं अक्षर थेट तुझ्या आईच्या चौथीतल्या अक्षरासारखं आहे. तिच्या वह्या आहेत माझ्याकडे, शेजारी ठेवून पाहिलं. तुला लिहायला सवड नसली तरी चालेल. आईला मात्र सांग, चार ओळी तिच्या स्वतःच्या नावाने लिही म्हणावं. तिचं पत्र येऊन तीन वर्षं झाली."

कधीपासून कळलं असेल तिला? एका शब्दाने बोलली नाही.

इराला वाचून दाखवलं. एका कानातला इअरफोन काढून ऐकलं तिने. "आजी न्यू ऑल धिस टाइम?" म्हणाली. 

कागद घेऊन बसले आहे. 'ती. आईस, सा. न.' एवढं झालं. माझ्या खऱ्या अक्षरात. पुढची ओळ इराबद्दल हवी, आणि ती खरी हवी.