खोली तशीच आहे

९ जून

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

पोचलो. सामानही पोचलं, फक्त तुम्ही दिलेल्या बरणीचं झाकण वाटेत फुटलं, बरणी शाबूत आहे. पोचल्याचं चार ओळींत कळव असं तुम्ही सांगितलं होतं. पण चार ओळींत मावणारं इथे काही नाही, तेव्हा एकदमच लिहिते.

घर छोटं पण लांबट आहे. रस्त्याकडची पहिली खोली म्हणजे दुकान, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि मागचं दार उघडलं की परसात दोन लिंबाची झाडं. तुमच्या बंधुराजांनी मधल्या खोलीत खिडकीशी टेबल लावून मुद्रितांचे गठ्ठे रचले आहेत. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधायला हा माणूस कुठेही बसू शकतो. स्वतःचे मोजे मात्र त्यांना अजून सापडलेले नाहीत. ठमाबाई दिवसभर परसात असते. दहा वर्षांच्या पोरीला एवढी माती एकदम मिळाली की तिचं काय होतं ते लिहीत नाही, उगाच तुमच्या डोक्याला ताप.

दुकान आधीच्या चष्मेवाल्या आजोबांचं. वीस-बावीस वर्षं चालवून ते लेकाकडे राहायला गेले, आणि जाताना काउंटर, आरसा नि भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता मागे ठेवून गेले. तक्ता पिवळा पडलाय, पण अक्षरं ठळक आहेत, मग नवा कशाला घ्या? दाराबाहेर लगेच बसथांबा आहे आणि एक लांब बाक. शहरातल्या त्या शोरूममध्ये मॅनेजर एका गिऱ्हाइकाला सात मिनिटं म्हणजे सातच द्यायचा. इथे मी माणसागणिक अर्धा तास देणार आहे, बघू कोण काय म्हणतं.

ठरल्याप्रमाणे डिसेंबरअखेरपर्यंत बघायचं. दुकान चाललं तर राहायचं, नाही तर मुकाट्याने परत. तोवर आमची खोली तुम्ही कोणाला देणार नाही म्हणालात, त्या एका शब्दावर मी हे धाडस केलंय. पाठीशी ती खोली आहे म्हणून झोप लागते, हे तुम्हाला कबूल करते. यांना सांगू नका.

बंधुराजांचा नमस्कार, ठमाबाईचे चिखलाच्या हातांनी दोन पापे. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची भावजय

२४ जून

चि. भावजयबाईंस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बरणीच्या झाकणाचं मला वाईट वाटलं, मोज्यांचं नाही. आमच्या बंधुराजांचे मोजे ते सातवीत असल्यापासून हरवलेले आहेत. तुझ्या गळ्यात घालताना आम्ही ते सांगितलं नाही, कारण लग्न मोडलं असतं.

माझी काळजी करू नकोस. निवृत्तीनंतर एकटीने राहायचं म्हणजे खायला उठेल घर, असं सगळ्या बाया मला सांगून गेल्या. अजून तरी घराने मला खाल्लेलं नाही. दुपारी गणिताची चार पोरं येतात, ती मात्र डोकं खातात.

खोली तशीच आहे. रविवारी झाडते, खिडकी उघडून वारं येऊ देते. तुझ्या कपाटाला हात लावलेला नाही. डिसेंबरपर्यंत तिचा विचारसुद्धा मनात आणू नकोस, सगळं लक्ष दुकानात घाल.

ठमाबाईला सांग, नखं काढल्याशिवाय पापे घेतले जाणार नाहीत. आठवण ठेवता, अशीच ठेवा.

तुझी ताई

२ ऑगस्ट

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

ताई, एक नवलच आहे. या गावात कोणाचेही डोळे खराब नाहीत.

थट्टा नाही करत. दोन महिन्यांत चौतीस माणसं तपासली. लोक हौसेने येतात, डोक्याला तेल लावून, इस्त्रीचे कपडे घालून, परीक्षेला आल्यासारखे. खुर्चीत ताठ बसतात, एक डोळा झाकतात आणि वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता धडाधडा वाचून मोकळे होतात. शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. मग मोठ्या अभिमानाने विचारतात, झालो ना पास. मी हो म्हणते, ते उठतात, बाहेर बाकावर बसलेल्यांना सांगतात, आणि दुसरा आत येतो. विकले किती चष्मे म्हणाल तर तीन, आणि त्यांतले दोन उन्हाचे.

शिंपीणबाई सत्तरीच्या आहेत. शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि निघताना दाराऐवजी आरशाकडे गेल्या. बसच्या ड्रायव्हरने तर एकही अक्षर चुकवलं नाही. त्यानंतर चारच दिवसांनी त्याने थांब्यापाशी दार उघडून बराच वेळ वाट पाहिली, हॉर्न वाजवला, आणि बाई चढत का नाहीत म्हणून वैतागला. बाई कुठल्या, लाल पत्रपेटी होती ती. सगळे हसले, मीही हसले, पण दुपारी एकटी बसल्यावर हसू येईना. त्या बसमधून आमची ठमाबाई शाळेत जाते.

चूक माझ्या तपासण्यात आहे की हवेत, कळत नाही. असंच चाललं तर डिसेंबरचीही वाट बघायला नको. हे म्हणतात धीर धर. त्यांचं काय, त्यांची पुस्तकं टपालाने येतात नि जातात.

तुमचं कसं? तुम्ही मागच्या कार्डात लिहिलं होतं की न्हाणीघर रिकामं होईपर्यंत तुमचं वर्तमानपत्र वाचून होतं. एकट्या असून न्हाणीघरात कोण असतं?

लोभ वाढू द्या, आटू देऊ नका.

तुमची भावजय

१० ऑगस्ट

चि. भावजयबाईंस,
अ. उ. आ.

न्हाणीघरात नळ दुरुस्त करणारा होता. फार चेंगट माणूस, रोज थोडं थोडं करतो. तू डोळे तपासायचं काम कर, न्हाणीघरं तपासू नकोस.

आख्ख्या गावाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले तर मास्तरीण म्हणून मी एकच गोष्ट म्हणेन: पेपर फुटलाय. कसा, ते तू शोध.

खोली तशीच आहे.

तुझी ताई

१९ सप्टेंबर

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

पेपर फुटलेलाच होता. पण तो सापडला, आणि मी मात्र बुडाले.

इथे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. सगळे त्यांना नुसते मास्तर म्हणतात. भांडण असो, सोयरीक असो, अर्ज लिहायचा असो, त्यांच्या शब्दाशिवाय इथलं पान हलत नाही. गेल्या सोमवारी ते तपासायला आले. मी तेव्हा तक्ता भिंतीवरून काढून मागे पुसायला नेला होता. ओल्या फडक्यासकट बाहेर येते तो मास्तर खुर्चीत बसलेले, उजव्या डोळ्यावर तळहात, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी वाचायला सुरुवातही केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, थेट शेवटपर्यंत, एकही अक्षर न चुकता. समोर कोरी भिंत. एक खिळा, बस्स.

ताई, तो तक्ता गावाला पाठ आहे. वीस वर्षं बसची वाट बघत त्या बाकावर बसायचं आणि उघड्या दारातून समोर तेच दिसायचं, दुसरं करणार काय? पोरं खेळताना राज्य कोणावर ते शेवटच्या ओळीने ठरवतात. परसात ठमाबाईच्या तोंडी मी ती ओळ किती वेळा ऐकली असेल, पण डोक्यात प्रकाश पडला नाही. आधीच्या आजोबांनाही ठाऊक असणार. ते म्हणे तक्ता विचारतच नसत, ओळखीने चष्मा देत.

इथवर ठीक होतं. पण मी हसले. मोठ्याने, खुर्चीचा दांडा धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मास्तरांनी हात खाली घेतला, डोळे बारीक करून भिंतीकडे बघितलं आणि उठून गेले. तेवढ्यावर तरी गप्प बसायचं? संध्याकाळी वाण्याकडे साखर आणायला गेले आणि त्यालाही साभिनय सांगून आले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं होतं.

तेव्हापासून दुकानात चिटपाखरू नाही. लोक बसची वाट उभ्याने बघतात, पण माझ्या दारासमोरच्या बाकावर बसत नाहीत. मी नवा तक्ता मागवला, तर म्हणतात बाईने पेपर बदलला, आता सगळ्यांना नापास करून मास्तरांसारखं हसं करणार. शिंपीणबाई कालपर्यंत रोज हाक मारायच्या, आज रस्ता ओलांडून गेल्या. मला फार एकटं वाटतंय, ताई. यांच्याशी बोलले, ते म्हणाले तू म्हणशील तसं.

म्हणून असं ठरवते आहे: या महिनाअखेर सामान बांधते. खोली झाडून ठेवा. शोरूममध्ये सात तर सात मिनिटं.

पदरात घ्या.

तुमची भावजय

२३ सप्टेंबर

चि. भावजयबाईंस,
अ. उ. आ.

सामान बांधू नकोस. खोलीला रंग काढला आहे, पोपडे खरवडून भिंती उघड्या केल्या आहेत, दोन महिने तरी आत कोणाला पाऊल टाकता येणार नाही. रंगारीही त्या नळवाल्याचाच भाऊ आहे. तेव्हा तुला तिथे राहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि राहायचंच तर नीट राहा.

आता ऐक. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. फळ्यापाशी उभं राहून चारचौघांत चुकलेलं गणित पोरं जन्मभर विसरत नाहीत. परवा एक टक्कल पडलेला विद्यार्थी रस्त्यात भेटला, त्याने मला सातवीतली त्रैराशिकं आठवून दाखवली. त्यामुळे पुढे पुढे मी कच्च्या मुलांची तोंडी परीक्षा सगळे घरी गेल्यावर घ्यायची. दार लावून, एकेकाची. चुकायलासुद्धा आडोसा लागतो गं. तू रस्त्यावर उघड्या दारात, बाकावरच्या दहा जणांसमोर त्या लोकांची परीक्षा घेतेस आणि वर पास म्हणतेस. मग ती बिचारी अभ्यास करून येणार नाहीत तर काय?

पण ते नंतर. आधी त्या मास्तरांकडे जा आणि माफी माग. तीही त्यांच्या घरी जाऊन, दुकानात बोलावून नाही. आणि माफी मागताना हसू नकोस. तुला नको तिथे हसायची खोड आहे, ती माझ्या आईच्या तेराव्या दिवशीच माझ्या लक्षात आली होती.

लिहीत राहा. मी वाट बघते.

तुझी ताई

१६ नोव्हेंबर

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. हात रिकामा नव्हता, आणि हे वाक्य लिहिताना मला किती बरं वाटतंय ते तुम्हाला इथून दिसायला हवं होतं.

तुमचं ऐकलं. मास्तरांकडे गेले. ते अंगणात वाफे खुरपत होते, त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच माफी मागितली. त्यांनी खुरपणं थांबवलं नाही. मग काय सुचलं कोण जाणे, मी त्यांना सांगितलं की डोळे तपासायच्या कोर्सच्या परीक्षेत मी स्वतः पहिल्यांदा नापास झाले होते, आणि निकालाच्या दिवशी घरी पास म्हणून सांगितलं होतं. ही गोष्ट मी यांनाही कधी सांगितलेली नाही, ताई. तुम्हालाही आत्ताच कळते आहे. मास्तरांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खुरपायला लागले. मी आपली परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते, तर मागच्या दारात मास्तर. म्हणाले, लिंबं हवी होती दोन. लिंबं दिली. मग म्हणाले, आता आलोच आहे तर. मी त्यांना स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत नेलं, पडदा ओढला, यांना मुद्रितांसकट परसात पिटाळलं आणि नव्या तक्त्यापुढे बसवलं. वरच्या दोन ओळी आल्या, तिसरीपाशी ते थांबले. मला नाही दिसत, असं ते फार हळू म्हणाले. मी बरं म्हटलं आणि भिंग बदललं. आठवड्याने चष्मा घालून ते बाहेर पडले, आणि शाळेवरच्या ज्या घड्याळाकडे बघून ते रोज मान डोलवत चालायचे, ते दोन वर्षं बंद पडलेलं आहे हे त्यांना कळलं. त्यांनी मुख्याध्यापकांना झापलं म्हणे.

मग लिंबांना जी मागणी आली! झाडांवर आता पानंच उरली आहेत, तरी लोक येतातच, एकेकटे, मागच्या दाराने. पुढचं दार दिवसभर सताड उघडं असतं, तिथून फक्त वारा येतो. शिंपीणबाई जाता जाता माझ्या भाजीत मीठ कमी आहे हेही सांगून जातात. बसचा ड्रायव्हर आला, त्याचा नंबर एवढा निघाला की मी तो पुन्हा दोनदा तपासला. त्याचा चष्मा मी सगळ्यांच्या आधी करून दिला, आणि ठमाबाई आता माझ्या जिवाला घोर न लावता शाळेत जाते. रोज सातेक माणसं स्वयंपाकघरातून जातात. इतक्या माणसांना आपली खरकटी भांडी ठाऊक झाली की त्यांना गिऱ्हाईक तरी कसं म्हणायचं?

आता जे लिहायला पत्र घेतलं, ते. दोन दिवस टाळते आहे. ताई, आम्ही राहतोय. डिसेंबरची वाट बघायला नको. खोली तुम्ही आमच्यासाठी अडवून ठेवलीत, एकट्या राहिलात, रंगसुद्धा दिलात, आणि मी आता सांगते की आम्ही येत नाही. मला फार अपराधी वाटतंय. चांगलं कोणी मिळालं तर खोली देऊन टाका, सोबत होईल. रागावा, पण बोलणं तोडू नका.

तुमचीच, भावजय

२२ नोव्हेंबर

चि. भावजयबाईंस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा स्वतःशी, आणि दोनदा मोठ्याने, कारण ऐकणारी हट्टच धरून बसली. ती कोण, ते सांगते.

खोली जूनच्या एकवीस तारखेलाच गेली. तुम्ही गेल्याला पुरे पंधरा दिवसही झाले नव्हते. समोरच्या इस्पितळातली एक नर्स आहे, रात्रपाळी करून सकाळी आली की न्हाणीघर अडवून बसते. नळवाला असा कोणी नाही. रंगारी नाही, त्याचा भाऊ नाही. तुझं कपाट तिच्या कपड्यांनी भरलंय, तुझे कपडे माझ्या पलंगाखाली पेटीत आहेत. मी तुला पाच महिने खोटं लिहिलं, आणि छत्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून उभं केलं होतं.

तुम्ही परत येऊ नये म्हणून मी परतीचे दोर कापले, असं तुला वाटेल. ते नंतर झालं. सप्टेंबरात सामान बांधते म्हणालीस तेव्हा तिला दुसरी जागा बघायला सांगायला मी तिच्या दारापर्यंत गेले होते, आणि तुला या म्हणून लिहिलेली दोन पत्रं फाडली. पण खोली दिली ती त्यासाठी नाही. तुम्ही गेल्यावर मी रोज तिथे जाऊन बसायची. जेवण झालं की ताट तिकडेच न्यायची. पंधरा दिवसांत मला कळलं की ही खोली अशीच राहिली तर तू एकदा जरी पडेल सुरात लिहिलंस, तरी मीच तुम्हाला हाक मारीन, आणि तुम्ही माझ्यासाठी याल, दुकानासाठी नाही. माझा माझ्यावर भरवसा नव्हता. म्हणून मी तुमच्या खोलीत दुसरं माणूस आणून बसवलं.

मला तुम्ही हवे होतात. हे कुठेतरी एकदा लिहायला हवं होतं, ते इथे लिहिते.

तिला पुढच्या महिन्यात आठ दिवस सुट्टी आहे, घर ती सांभाळणार आहे. मी येते. मागच्या दारानेच येईन. मधल्या खोलीतल्या मुद्रितांवर पथारी पसरली तरी मला चालेल. बंधुराजांना तेवढं सांगून ठेव. रागावली असशील तर समोर बसून रागाव, पत्रातून नको.

आशीर्वाद सगळ्यांना.

तुमची, खोटारडी
ताई