चिंच-गुळाची चटणी आन् हिचा पाटा

कार्तिक व. ५, शके १७८६
शेवटी रानडुक्कर पडलं. आठ दिवस कपाशी तुडवून राहिलं होतं, तेही कापसाले सोन्याचा भाव असताना. परसात निखारे केले. असलं मटण घरात येत नाही, ही माळकरी. शेजारचा दौलत मूळचा अकोल्याकडचा. म्हणे, भाजताना वरून चिंच-गुळाची चटणी लावा. आमी अमरावतीकडचे, अंबाडी-लसणाशिवाय दुसरी जाणत नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे दोन्ही!
परसातला चटणी वाटायचा दगड नेमका फुटला. ही वेचणीले गेली होती. घरातला पाटा उचलून आणला, मटणाच्या हातानंच दोन्ही चटण्या वाटल्या.
चिंच-गुळाची सरस निघाली. चरबीवर पडली का चर्र करते आन् चकचकीत पापुद्रा धरते. दौलतले सांगितलं नाही. आधीच तो फुगलेला.

का. व. ६
हिनं पाट्यावर नुसता हात फिरवला आन् वास घेतला.
"ह्या पाट्यावर मी देवाचं पुरण वाटतो."
मी म्हटलं, "धुऊन टाक ना, त्यात काय!"
तेच नडलं. पाटा हिच्या मायनं लग्नात दिला, माय आता नाही. मले हे ठाऊक होतं. तरी जीभ चाललीच. भाऊ आलाच होता; गठुडं बांधून त्याच्या बैलांच्या दमणीत बसली, अकोल्याकडं माहेरी गेली. मागं वळून पाहिलं नाही.

का. व. ९
राखेनं घासला. रिठ्यानं घासला. लसूण आन् चरबी दगडात मुरली. नवा पाटा आणतो असा निरोप धाडला होता. उत्तर आलं, "नवा तुमच्या डुकराले ठेवा."
गावातलीच माझी आत्या म्हणते, "टाकीचे घाव घालून वरचा थर काढ, मंग तो पाटा चोखा."
वडार कुठून आणू? सारे बडनेऱ्याकडं आगगाडीच्या कामावर. घर खायले उठते.

का. व. १३
आगगाडीच्या कामावर जाऊन आलो. म्हातारा वडार भेटला. म्हणे, यायले फुरसत नाही, टाकी घेऊन जा, स्वतः कर. डुकराले काय लावलं होतं तेही विचारलं. सांगितलं.
"चिंच पुरे होती. अंबाडी काहून?"
हाही अकोल्याचाच!

मार्गशीर्ष शु. २
टाकवला. दोन दिवस लागले. अंगठा ठेचला, म्हणून अक्षर असं. घाव वाकडेतिकडे पडले, पण वास गेला. तीनदा नाक लावून पाहिलं. दौलत नवीन शिकारीचं विचारायले आला होता. हाकलला.
हिले निरोप: पाटा झाला. चटणी तुमच्याकडचीच सरस. माझं चुकलं.
शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

मा. शु. ६, चंपाषष्ठी
सकाळी आली! भाऊ दमणीतच बसून, बैल सोडले नाहीत. सरळ पाट्याजवळ गेली. वाकून वास घेतला. हात फिरवला.
"कोणं टाकवला?"
"म्या."
"दिसून राहिलं." मंग अंगठ्याकडं पाहिलं. पाट्यावरून हात न काढता, "चटणी खरंच आमच्याकडची सरस झाली?"
"खरंच."
हसली. मी पाहिलं, हसली.
"देवापुढं पुरण ठेवतो मी. त्यात वास आला नाही तं भावाले वाटेले लावतो."
गठुडं उंबऱ्यात तसंच बांधलेलं. डाळ शिजली. आत्या माझ्यापाशी येऊन बसली, हळूच म्हणे, "टाकवल्यावर ज्वारी वाटून फेकली ना रे दोनदा? नाही तं पुरणात कचकच लागते दगडाची."
ज्वारी?
मले कोणी सांगितलंच नाही. आतून वाटायचा आवाज येऊन राहिला. उठून सांगू का चूप बसू? उठलो.