डबे जागच्या जागी

वन्संना दोन्ही हात जोडून नमस्कार. (तिसरा असता तर तोही जोडला असता.) तुमचे गुडघे कसे आहेत? कुरकुरत असतीलच, तुमच्यासारखे.

आपलं ठरल्याप्रमाणे बारकीला घरी न्यायला आले. नजर नसलेली पोर तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लोक नावं ठेवतात, असं तुम्हीच म्हणालात. (मीही मान डोलावली, लपवत नाही.) दार उघडलं तर घरभर वायरी! नात एकटी कशी राहते यावर सिनेमा, आणि त्यात नातीचं काम नातच करते. मला म्हणाली, "आजी, तू नुसती बस." मी कधी नुसती बसलेय? ती कामावर गेली तशी तिची फळी आवरली. मोठे डबे मागे, लहान पुढे.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बारकीनं चहात मीठ घातलं, मग चहापूड शोधताना बरणी फोडली. टोपीवाला साहेब (सगळ्यांवर ओरडतो तो) डोळे पुसत म्हणाला, "वा! हेच हवं होतं!" बारकी म्हणाली, "हे काढून टाका. माझ्या घरात माझा हात चुकत नाही. हे दाखवलंत तर घरचे मला उद्याच उचलून नेतील." (तिची बॅग मी खाटेखाली भरून ठेवली होती.) साहेब ऐकेना. म्हणे, लोक रडतील.

वन्सं, पन्नास वर्षांत मी चूक कबूल केलेली नाही, तुम्ही साक्षीला आहात. पण उठले. म्हटलं, "डबे मी हलवले. तुमची फळी आवरून देते, मग साखर शोधून दाखवा." साहेबानं टोपी काढली. पुन्हा घेऊ म्हणाला.

बारकीनं एकेक डबा कानाशी हलवला आणि जागी ठेवला. चहाचा आवाज बदलला तसा गॅस बंद. नऊ कप ओतले. कप भरत आला की आवाज चढतो म्हणे! बशीत थेंब नाही, मी वाकवाकून पाहिलं. जन्म चुलीपुढे गेला, पण असा हात पाहिला नव्हता. मग मी नुसती बसले. (हो, मी.)

तुमची वहिनी

ता. क. बॅग रिकामी केली. ती येणार नाही.

आणखी ता. क. पत्राच्या ओळी सरळ आल्यात त्या कागदावर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खाचांमुळे. बारकीनं कापून दिला. माझा डावा डोळा गेलाय, उजवाही जायला लागलाय, डॉक्टरनं हात टेकले. घरात कुणाला बोलले नव्हते. हिनं माझ्या पावलांवरून पहिल्याच दिवशी ओळखलं. महिनाभर तिच्याकडे शिकून येते. तोवर माझ्या स्वयंपाकघरातला एकही डबा हलवू नका. तुमचा आवरायचा हात मला ठाऊक आहे. माझाही तसलाच होता.