फळ्यावरून पुसलेला इंदियानो

कोल्हापूर,
सोमवार, ६ मे २०२४

चि. अभिनंदन यास,
जय जिनेंद्र आणि आक्काचे आशीर्वाद.

वहिनीने पाठवलेली लोणच्याची बरणी पोचली. मीठ नेहमीसारखंच चढं आहे, पण हे तिला वाचून दाखवू नकोस. खरं तर हे पत्र कुणालाच वाचून दाखवू नकोस. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकून अख्ख्या शिरोळला ऐकवतोस, आणि हे तुझ्या लेकीच्या कानावर असं पडायला नको. शेजारची झुंबरबाई आत्ता संध्याकाळच्या एसटीने शिरोळला माहेरी निघाली आहे. तिच्या हाती बंद पाकीट देतेय.

प्राचीची बॅग भरून झाली असेल ना?

मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी करताना अकरा वर्षं मी फिलिपिनो नर्सेसबरोबर एका खोलीत काढली. त्यांची भाषा तोंडात बसली. इथे परतल्यावर ती कोण विचारतो? म्हणून अमरसिंहने शाहूपुरीत ऑफिस उघडून, मनिलाला नोकरीला जाणाऱ्या पोरांना शिकवायला मला बोलावलं, तेव्हा मी हुरळून गेले. सगळ्या पाहुण्यारावळ्यांत मिरवलं. प्राचीला वर्गात बसव म्हणून तुझ्या मागे मीच लागले होते, तू नव्हे.

आता तुला न सांगितलेलं सांगते.

काय शिकवायचं ते अमरसिंह कागदावर छापून द्यायचा. मला वाटलं, पाणी, जेवण, ताप, रस्ता असे रोजचे शब्द असतील. यादीत होती नुसती देशोदेशीची माणसं. आलेमान म्हणजे जर्मन. हापोन म्हणजे जपानी. कोरेआनो म्हणजे कोरियन, बाई असेल तर कोरेआना. पुढे 'आको' लावायचं, म्हणजे 'मी'. आलेमान आको, मी जर्मन आहे. पोरं खो खो हसायची. हुपरीचा वर्धमान तर छाती पुढे काढून म्हणायचा.

त्या यादीत भारतीय नव्हता. मी आपणहून फळ्यावर 'इंदियानो' लिहिलं. अमरसिंह दारातच उभा होता.

"ते लागत न्हाय, बाई. पुसा."

"का?"

"तिथं कुणाला भारतीय म्हणून ऱ्हायाचंय?"

मी पुसलं. माझ्या हाताने पुसलं, अभि. मनात शंकेची पाल चुकचुकली होती, पण चारचौघांत बाई म्हणून मान मिळत होता, आणि मी मूग गिळून बसले.

वर्धमान जानेवारीत गेला. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी सकाळी, तिथल्या झाडूवाल्या बाईच्या मोबाइलवरून त्याचा फोन आला. मनिलाबाहेर कुठल्याशा इमारतीत कोंडून ठेवलंय. पासपोर्ट काढून घेतलेत. सकाळी मुकादम "आलेमान!" म्हणून ओरडला की त्या दिवशी सगळ्यांनी जर्मन व्हायचं. खोटं नाव, खोटा फोटो लावून परदेशातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांशी संगणकावरून गोड गोड बोलायचं आणि त्यांना लुबाडायचं. नाही जमलं तर मारतात.

"मधी सरकारी माणसं तपासायला आलती, बाई," तो म्हणाला. "एकानं मला इचारलं, तागा-सान का?"

म्हणजे, कुठला रे तू?

"मुकादम मागंच हुबा. आन् तोंडातनं भाईर काय पडलं, तर आलेमान आको! त्यो हासला की वो. मला येडा समजून फुडं गेला."

फोन तिथेच तुटला. पुन्हा लागला नाही.

त्याची आई घरी पैंजणं घडवते. परवा हुपरीहून येऊन विचारून गेली, "बाई, पोराचा फोन लागंना हो." मी म्हटलं, रेंज नसेल. तिच्या तोंडावर खोटं बोलले. तीन आठवडे मी सगळ्यांशी खोटंच वागतेय, कारण गेलेल्या आठही पोरांच्या प्रमाणपत्रांवर सही माझी आहे. मी घाबरले, दुसरं काही नाही. आणि याच तीन आठवड्यांत प्राची माझ्या घरी आरशासमोर "कोरेआना आको" घोकत होती, आणि मी तिचे उच्चार सुधारत होते.

ती शनिवारी तुझ्याकडे आली आणि मला घर खायला उठलं. काल अमरसिंहला सांगितलं, प्राची जाणार नाही. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. आज दुपारी घरी आला, निवांत चहा प्यायला, भिंतीवरचा आपल्या सगळ्यांचा फोटो जवळ जाऊन बघितला. "पासपोर्ट माझ्याकडंच हाय की तिचा. बुधवारी सकाळी मीच गाडी घेऊन शिरोळला जातो, तुम्ही दगदग करू नका," म्हणाला. पत्ता विचारला नाही. त्याला तो माहीत आहे.

उद्या सकाळी मी पोलिसांत जाणार. माझ्या हातून झालं तेही लिहून देणार, मग माझं काय व्हायचं ते होवो. पण ते हालेपर्यंत बुधवार उजाडेल. म्हणून प्राचीला तूच समोर बसवून सांग. रडेल, आत्याने घात केला म्हणेल. म्हणू दे, खरंच आहे ते. तिला क्षणभरही एकटी सोडू नकोस.

अमरसिंह येईल तेव्हा गोड बोलेल. "आक्कांनी पाठवलंय," असं दाराबाहेरूनच सांगेल. आमच्या घरात माझा शब्द कुणी मोडत नाही, हे मीच त्याला कौतुकाने सांगून बसलेय.

या वेळी तो मोड. माझ्या नावाने कुणीही आलं तरी दार उघडू नकोस.

तुझी,
राजमती