होडीत बोललेला नवस

प्रिय आई,

समिधा वहिनी हे पत्र तुझ्या हातात देईल तेव्हा आधी दार लोटून घे आणि चष्मा लाव. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस. मग बाबा ऐकतात, शेजारून धोंडू आत्या येऊन ऐकते आणि अंगणातून जाणारा-येणाराही थांबून ऐकतो. मला तुझ्याशी बोलायचंय, अख्ख्या लोधिवलीशी नाही. तू ओठ हलवत सावकाश वाचतेस, तशीच वाच. मध्येच उठून भात बघायला जाऊ नकोस, आणि राग आला तरी शेवटपर्यंत वाच. तब्येत विचारत नाही. परवा विचारली तर म्हणालीस, माझ्या तब्येतीचं काय घेऊन बसलीस, देवीचं देणं राहिलंय त्याचं बघ. तर त्याचंच बघायला बसलेय.

रविवारी विपुल मला सासरी न्यायला येणार. बरोबर त्याची आई, त्याचे मामा आणि नेरळची आणखी चार मोठी माणसं. मी इथल्या हॉटेलातून सुट्टी काढायची, माथेरान उतरायचं आणि हिरवी साडी नेसून, बॅग भरून ओटीवर बसायचं, असं आत्यानं ठरवलंय. बाबांनी मान डोलावलीय. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला म्हणे, हे काय माणसांनी ठरवलंय? तू अंदमानच्या समुद्रात एकवीरेला शब्द दिलास आणि विषय संपला. मी माहेरी आल्यापासून इतक्या बैठका झाल्या, इतके चहा-पोहे झाले, कुणाला मला परत धाडता आलं नाही. ते काम एका होडीनं केलं. त्या दिवशी तू डोळे गच्च मिटून घेतले होतेस. मी उघडे ठेवले होते, म्हणून काय झालं ते माझ्याकडून ऐक.

अंदमानची टूम धनेशची. आयुष्यात एकदा आईबाबांना विमानात बसवायचं, हे त्याचं जुनं वेड. तू भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतलीस, आणि विमानतळावर तपासणीच्या त्या बाईनं डबा उघडून असं तोंड केलं की समिधा वहिनी आपली ओळखच दाखवेना. तू मात्र शांतपणे तिला म्हणालीस, खाऊन बघ, मग नाक मुरड. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की बस. तू अशीच आहेस गं मुळात. आपल्या शेतात कुणाच्या तरी माणसांनी न विचारता खुंट्या ठोकल्या होत्या, तेव्हा बाबा पुढाऱ्याला फोन लावत बसले आणि तू साडी खोचून एकेक खुंटी उपटून बांधावरून पलीकडे भिरकावलीस. मी शाळेतून येत होते, रस्त्यावरून बघितलं होतं. आज मी अशी का झालेय असं आत्या विचारते ना, तिला ही गोष्ट सांग.

रायगडचे म्हटलं की लोकांना वाटतं ह्यांना समुद्र पाठ असणार. आपल्याला कसला समुद्र? आपलं पाणी म्हणजे भाताच्या खाचरातलं, फार तर पाताळगंगेचं. पण बाबा हॅवलॉक बेटाच्या त्या धक्क्यावर जे सुरू झाले ते थांबेनात. मी पाताळगंगा पुरात पार केलीय, ह्या पान्याचं काय घेऊन बसलाव. लाइफ जॅकेटसुद्धा घालेनात, पोटावर बसत नाही म्हणाले. शेवटी बोटवाल्यानंच दम भरला तेव्हा घातलं, पण बंद उघडेच ठेवले. पलीकडचं छोटं बेट समोर दिसत होतं, निळं पाणी, ऊन, सगळं छान. होडी मात्र इवलीशी होती, मागे एक इंजिन आणि बसायला आडव्या फळ्या.

जाताना काही झालं नाही. येताना वारा उलटला. बेटाच्या आडोशातून बाहेर पडलो तसं पाणी काळसर दिसायला लागलं, आणि निम्म्या वाटेवर इंजिन घरघर करून बंद पडलं. इंजिन चालू असताना होडी नाकासमोर लाटा कापत होती. ते थांबलं तशी ती आडवी फिरली आणि लाट सरळ आपल्या मांडीवर येऊन बसली. बोटवाला एका हातानं दोरी ओढत होता, दुसऱ्या हातानं कापलेल्या कॅननं पाणी उपसत होता आणि ओरडत होता, हिलना मत, कोई हिलना मत. समिधा वहिनी ओकत होती. धनेश, जो सकाळपासून मोबाइलवर सगळ्या जगाला समुद्र दाखवत होता, तो तिची पाठ धरून लहान मुलासारखा रडत होता. आणि पुरातली पाताळगंगा पार केलेले आपले बाबा फळीला मिठी मारून लाइफ जॅकेटचे बंद शोधत होते. हसू नकोस. बरं, हस थोडं. मलाही आत्ता लिहिताना येतंय.

मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. तोंडात खारं पाणी गेलं, कान बधिर झाले, आणि वाटलं की संपलं. तेव्हा तू मोठ्यानं बोललीस. एकवीरे, आई माउली, माझ्या पोरांना काठाला लाव गं. पाडव्याच्या आत माझी हर्षी इपुलच्या घरी नांदायला जाईल, जोडीनं तुझ्या पायरीशी घेऊन येईन. असं बोललीस आणि पदर पुढे करून कपाळाला लावलास. थोड्या वेळानं इंजिन सुरू झालं. बोटवाला म्हणाला, कचरा अडकला होता. पण त्याचं कोण ऐकतंय? काठावर पाय ठेवल्याबरोबर बाबांनी वाळूत लोटांगण घातलं, धनेशनं देवीचा उदो केला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाच ओळखलं की आता ह्या घरात माझं काही खरं नाही.

घरी आल्यावर तर काय, आत्याला आयतंच सापडलं. विहिरीची मोटर जळली, नवस राहिलाय. धनेशची गाडी चौक गावापाशी घसरली, नवस राहिलाय. म्हशीनं लाथ मारली, नवस राहिलाय. अगं, ती म्हैस आपल्या जन्माच्या आधीपासून लाथा मारत असल्यासारखी मारते. बाबांना ताप आला तेव्हा तर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, जणू मीच त्यांच्या उशाला बसून तो ताप आणला होता. समिधा वहिनीनं एकदा धीर करून म्हटलं, ताईंचं मन नसेल तर? तर आत्या म्हणाली, देवाच्या देण्यात मन कुठून आलं? मी मुकाट जेवत होते. मुकाट बसले म्हणजे तयार झाले, असा अर्थ लावलात तुम्ही.

आपल्याकडे नवस कसा बोलतात ते मला ठाऊक आहे, मी तुझीच मुलगी आहे. धनेशचा हात बरा होऊ दे म्हणून तू अनवाणी कार्ल्याची पायरी चढली होतीस. तळवे फुटले होते, पण तुझे. बाबांची नोकरी टिकावी म्हणून मंगळवार धरलेस, उपाशी राहिलीस ती तू. माणूस नवसात स्वतःचं काहीतरी घालतो. त्या दिवशी पहिल्यांदा तू दुसऱ्याचं घातलंस. कोंबडं बोललं असतंस तर मी स्वतः धरून आणलं असतं. साडी बोलली असतीस तर माझ्या पगारातून आणली असती. तू नवसात मलाच बोललीस.

आणि माझ्याऐवजी तू बोलायची ही पहिली वेळ नव्हती. नेरळच्या त्या सातव्या मजल्यावरून मला खाली आणलं, माझा डावा हात लोंबत होता आणि विपुल सगळ्यांना सांगत होता की बाथरूममध्ये घसरली. तू लोधिवलीहून धावत दवाखान्यात आलीस. डॉक्टरीणबाईंनी विपुलला बाहेर काढलं, दार लावलं आणि मला विचारलं, कुणी पिरगळला का? आत आपण तिघीच होतो. मी तोंड उघडलं होतं आई. माझ्या आधी तू म्हणालीस, नाय ओ, पडली ती. त्या बाईंनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. मग तू माझ्या केसांना तेल लावून वेणी घातलीस, इतक्या हळुवार हातानं की मला रडूही येईना. आपण त्यावर कधी बोललो नाही. मी समजूत करून घेतली होती की तुला खरंच वाटलं असेल मी पडले.

पण होडीत पहिली लाट आली तेव्हा तू घाबरून माझा डावा हात धरलास. लगेच सोडलास. मला वळवून उजवा घट्ट धरलास, आणि डाव्यावर आपला पदर टाकलास, त्याला फळी लागू नये म्हणून. आपण सगळे बुडतोय असं वाटत असताना तुला तो हात आठवला. ज्या आईला मरणाच्या दारात एवढं आठवतं तिला तो कुणी मोडला हे ठाऊक नसेल? तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आणि तोच हात जपत जपत तू मला त्याच माणसाच्या घरी धाडायचं कबूल केलंस. मला त्या होडीत सगळ्यात जास्त लागलं ते हे. समुद्राचं काहीच नाही.

आणखी एक सांगते, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लाटा अंगावर येत होत्या तेव्हा माझ्या मनात आलं की ही भीती बरी. दिसते तरी. ह्यात सगळे एकमेकांना धरून बसलेत. नेरळला संध्याकाळी लिफ्टचा आवाज आला की मी गॅस बारीक करायचे, टीव्ही बंद करायचे आणि लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबते ते ऐकत भिंतीला टेकून उभी राहायचे. तेव्हा मला धरायला कुणी नव्हतं. तिथे मला रोज वाटायचं, मेले तर सुटेन. आणि त्या होडीत, आई, मला जगायचं होतं. इतकं जगायचं होतं की मी होडीतला दुसरा कॅन घेऊन पाणी उपसायला लागले. तुझे डोळे मिटलेले होते म्हणून तुला दिसलं नाही. काठाला आल्यावर देवीचे आभार सगळ्यांनी मानले, माझे कुणी मानले नाहीत, पण ते जाऊ दे.

तर आता ऐक. मी काल कार्ल्याला जाऊन आले. सकाळी माथेरान उतरले, कर्जतला गाडी बदलली, एकटीच पायऱ्या चढले. खणानारळानं ओटी भरली आणि देवीला स्पष्ट सांगितलं की माझ्या आईनं घाबरून शब्द दिला, तिनं मोडलेला नाही, मी मोडलाय. तिच्याकडे मागू नकोस, बाबांकडे नको, धनेशकडे नको. राग असेल तर हर्षला चांगो लोधिवलीकर म्हणून मला शोध, मी माथेरानलाच आहे. तीही बाईच आहे, तिला कळलं असेल. मागे रांगेतली एक म्हातारी म्हणाली, आटप गं पोरी. मी म्हटलं, आटपलं. तेव्हा यापुढे म्हैस लाथ मारेल ती म्हशीची, आणि ताप येईल तो तापाचा. तू मोकळी झालीस.

रविवारी मी येणार नाही. त्यांना मला गाठायचं असेल तर इथे यावं. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे विपुलच्या मामांना ते पोट घेऊन लाल मातीतून चालत यावं लागेल, आणि हॉटेलच्या काउंटरमागे मीच उभी असेन. वकीलबाईंशी बोलले आहे, सोडचिठ्ठीचे कागद मी स्वतः करतेय. पण हे सगळं तर मी फोनवरही सांगितलं असतं, स्पीकरवर, सगळ्यांना. पत्र लिहिलं ते एका मागण्यासाठी, आणि ते फक्त तुझ्याकडे. माझ्या वतीनं तू दोनदा बोललीस, एकदा डॉक्टरीणबाईंशी, एकदा देवीशी. ह्या वेळी तू त्या माणसांशी भांड, खरं काय ते सांग, असं मी म्हणत नाही. तुला त्याच घरात, बाबा आणि आत्यासमोर राहायचंय, मला कळतं. तू काहीच बोलू नकोस. फक्त ती माणसं ओटीवर येऊन बसतील, आत्या आत बघून हाक मारेल, तेव्हा चुलीपाशी बसून राहा आणि त्यांच्यासाठी चहा टाकू नकोस.

तुझीच, तुझ्यावरच गेलेली,
हर्षला