तारांकित मोटर

३ जुलै, गुरुवार

दीपगृह! आमच्या खासदारांनी लोकसभेत दीपगृहांबद्दल प्रश्न विचारला आहे. एक नव्हे, तीन. शिवाय किनाऱ्याची धूप, मासेमारी बंदरांवरचे बर्फाचे कारखाने आणि कुठल्याशा धक्क्याची लांबी. लातुरात नळाला पाणी आलं की माणसं शेजाऱ्याला हाक मारून सांगतात, आणि आमचे अमृतराव समुद्राची विचारपूस करतात.

अधिवेशन तोंडावर आलं म्हणून संपादकांनी खासदारांचा लेखाजोखा मागितला होता — हजेरी, भाषणं, मतदान, प्रश्न. दिवसभर संसदेच्या संकेतस्थळावर बसलो. हजेरी बरी. भाषण एक, तेही शपथ धरली तर. शपथ संस्कृतात घेतली होती. उच्चार मीच घोटून घेतले होते. त्यानंतर कुठल्याच भाषेत बोललेले नाहीत.

मतदानाचा रकाना रिकामाच ठेवावा लागतो. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात, आणि त्या ‘हो’च्या गलक्यातून अमृतरावांचा ‘हो’ वेगळा काढायची विद्या अजून निघालेली नाही.

प्रश्न मात्र भरपूर. बरेचसे खारट.

५ जुलै, शनिवार

सुदर्शनला फोन केला. हा अमृतरावांचा पीए. मोठा गोड मुलगा, खोटं बोलताना अडखळतो.

“सर, एका खासदाराला दिवसाला ठरावीकच प्रश्न देता येतात. कोकणातल्या एका साहेबांचे जास्तीचे उरायलेत. आपला कोटा वाया चाललाय. मग म्हटलं…”

“मग समुद्र इकडं वळवला.”

“आकडा तर आपलाच झाला ना सर.”

उसना समुद्र. भरती तिकडं, नोंद इकडं.

६ जुलै, रविवार

मजकूर छापून आला. मथळा मीच दिला होता — ‘आमच्या किनाऱ्याचे खासदार’. सकाळपासून फोन थांबेना. आमचा फोटोग्राफर लालमहंमद दारातूनच म्हणाला, “पंडितजी, गंजगोलाईच्या बाजारात कोळंबी पाळू या का? भाव बरा हाय म्हणतेत.”

हिचं मत वेगळं. “त्या माणसाला हसलात, ठीक. पण हसून झाल्यावर पुढं काय?” पंचवीस वर्षं पत्रकाराशी संसार करूनही हिला बातमीच्या पुढं काहीतरी असतं असं वाटतं.

९ जुलै, बुधवार

पुढं काय, ते आज स्वतःच ऑफिसात आलं. केवळाबाई, येळवाडीच्या सरपंच. औशाच्या अलीकडं चौपदरी रस्त्याला लागून गाव. पदर खोचलेला, हातात आमचाच अंक, घडी पार मोडलेली.

“हे तुमीच लिवलंव का?”

म्हटलं, हो.

“समिंदराचं इचारतंय त्ये. मग आमच्या बोगद्याचं का इचारंना? आमचा समिंदर जवळ हाय की. एसटीनं जाता येतंय.”

गाव रस्त्याच्या अलीकडं, शाळा पलीकडं. जायला रस्त्याखालून बोगदा, आणि त्यात पाऊस पडला की तळं. पाणी जायला वाटच ठेवलेली नाही. चार वर्षं झाली. मुलं दुभाजकावरून उड्या मारून जातात. पोरींना घरचे सोडत नाहीत, त्या पावसाळाभर घरी.

“माजी नात, ऋतुजा. औंदा धाव्वीला हाय. माजा पोरगा म्हन्तो, त्या गाड्यांतून पोरगी पाठवणार न्हाई, बसू दे घरी. आन एकदा बसली की बसलीच बगा. पुढच्या साली मला लग्नाचं जेवान करावं लागंल.”

चहा घ्या म्हटलं. “न्हाई. तुमी निस्ता लिवतावच की कधी येतावबी?”

१० जुलै, गुरुवार

गेलो. लालमहंमदसह. बोगद्यात कमरेएवढं पाणी, त्यात दोन म्हशी परम सुखात. लालमहंमदनं फोटो काढले. “म्हशीचं काम झालंय बघा पंडितजी. सरकारी योजना म्हणून चांगली हाय.”

ऋतुजा अंगणात भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. मी पत्रकार म्हटल्यावर तिनं विचारलं, “शाळेत आज काय शिकवलं, तुम्हाला विचारता येईल का?” चेष्टा करत नव्हती.

१४ जुलै, सोमवार

अमृतरावांचा सोमवारचा दरबार. केवळाबाई सगळ्यात पुढं. मी मागच्या भिंतीला, तटस्थ. निदान उभा तरी तसाच होतो.

अमृतराव मुळात भला माणूस. टीका झाली तरी राग धरत नाहीत, कारण बहुधा वाचत नाहीत. हा मजकूर मात्र त्यांना कुणीतरी वाचून दाखवला असावा. मला बघून हात जोडले. “या पंडित. अजून ओहोटी लागली नाही तुम्हाला?”

केवळाबाईंनी बोगद्याचं सांगितलं. ते म्हणाले, “मी बोलतो खात्याच्या साहेबांशी.”

“साहेबाशी चार वर्सं बोलायलेत समदे. तुमी तितं उभं राहून इचारा, दिल्लीत. मंत्र्यानं उत्तर देयला पायजे. हे म्हन्ले मला.” — आणि बोट माझ्याकडं. तटस्थता संपली.

अमृतरावांनी हाक मारली, “सुदर्शन, कोकणवाल्याला सांग, या आठवड्यात जागा नाही.”

सुदर्शन कागद घेऊन थेट माझ्याकडं. “सर, तुम्हीच लिहून द्या ना.” म्हटलं, बाबा, गुण देणाऱ्यानंच पेपर सोडवायचा का? केवळाबाई सांगतील, तू लिही. त्यांनी सांगितलं: बोगद्यातलं पाणी कोण काढणार आन कवा काढणार. एवढंच. सुदर्शननं त्याचं ‘जलउपशाची व्यवस्था करण्यात आली आहे काय, असल्यास तपशील, नसल्यास कारणे’ असं केलं. केवळाबाईंनी ते ऐकून विचारलं, “ह्यात माजं कोणतं?”

२४ जुलै, गुरुवार

सुदर्शनचा फोन, आवाज फाटलेला. सोडतीत प्रश्न निघाला. तारांकित! म्हणजे लेखी उत्तरावर भागत नाही, मंत्र्यांना उभं राहून बोलावं लागतं आणि खासदाराला वर पूरक प्रश्नही विचारता येतो. यादीत चौथा. सात ऑगस्टला.

येळवाडीला कळवलं. केवळाबाई म्हणाल्या, “चार नंबर म्हन्जे लवकरच की. रेशनला माजा चाळीसावा येतो.”

२ ऑगस्ट, शनिवार

अमृतरावांनी तालमीला बोलावलं. पूरक प्रश्न पाठ करायचाय म्हणे. मी मंत्री झालो, ते खासदार. दोन्ही भूमिका माणसाला चढतात असं दिसलं — मी त्यांना तीनदा खाली बसवलं.

“संस्कृतात विचारू का? वजन पडेल.”

“अमृतराव, मराठीत विचारा. बोगदा मराठी आहे.”

निघताना हळूच म्हणाले, “पंडित, तिथं उभं राहिलं ना, की पाय कापतात हो.” पहिल्यांदा हा माणूस आवडला. गुण वाढवायचे नाहीत, पण आवडला.

७ ऑगस्ट, गुरुवार

ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं अख्खी येळवाडी. मी आणि लालमहंमद खुर्च्यांवर, कारण ‘पेपरवाले’. ऋतुजा शेंगदाण्याची ताटली घेऊन उंबऱ्यात.

सभागृह भरलं. भरल्या भरल्या घोषणा. फलक घेऊन सगळे हौद्यात — अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेला तिथं हौदा म्हणतात. पक्षाचा आदेश होता म्हणे. आणि कॅमेरा वळायच्या आत सगळ्यांनी पाहिलं — दुसऱ्या रांगेत, फलक उलटा धरलेले, आमचे अमृतराव.

“त्यो उभाच हाय की,” केवळाबाई म्हणाल्या. “मग इचारंना का?”

समजावून सांगू लागलो. गोंधळ झाला की प्रश्नोत्तराचा तास बुडतो. पहिलाच प्रश्न पुकारला नाही, चौथा कुठला. तोवर कामकाज तहकूबही झालं.

“म्हन्जे परश्न इचारायला गेलेल्यानंच परश्न बुडीवला?”

लालमहंमद म्हणाला, “मौसी, पाय कापत असतील. उभं राहायची सवय करायलेत.” सगळे हसले. केवळाबाई हसल्या नाहीत. ऋतुजानं ताटली खाली ठेवली आणि आत गेली.

तास बुडाला तरी लेखी उत्तर दुपारी संकेतस्थळावर पडलं. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून मोबाइलवर वाचून दाखवलं: ‘येळवाडी येथील भुयारी मार्गात जलउपसा पंप बसवण्यात आला असून तो कार्यान्वित आहे. सबब पाणी साचत नाही.’

सगळे पाण्याकडं बघत राहिले. पाण्यातल्या म्हशींनी आमच्याकडं बघितलं.

पाठशाळेत गुरुजी सांगायचे, प्रत्यक्ष आणि शब्द या दोन प्रमाणांत विरोध आला तर प्रत्यक्ष बलवान. गुरुजींचा सरकारी खात्यांशी संबंध आला नव्हता.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सात वाजता केवळाबाईंचा फोन. रात्रभर विचार केलेला दिसला.

“त्ये उत्तर खरं मानायचं ठरिवलंव आमी. मोटर हाय म्हन्तेत, तर हाय. पंधरा आगस्टला मोटरीचं उद्घाटन. मंत्र्यानं सांगिटलंय, त्याचा मान राखाया नको?”

ग्रामसभेचा अभिनंदनाचा ठराव. निमंत्रणपत्रिका. कलेक्टर, खात्याचे अधिकारी, देखभालीचा ठेकेदार, खासदार — सगळ्यांना. प्रत्येक पत्रिकेला संसदेतल्या उत्तराची झेरॉक्स टाचलेली. ‘कार्यान्वित पंपाचे पूजन मान्यवरांच्या शुभहस्ते’. मसुदा कुणाचा, हे मी या पानालाही सांगणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

सुदर्शन घामाघूम. “सर, सभागृहात चुकीचं उत्तर म्हणजे भानगड हाय. साहेबांनी तक्रार केली तर खात्यात माणसं हलतील.”

“साहेब करतील?”

“साहेब म्हणले, तक्रार नको, मी उद्घाटनाला येतो.” मग जरा अभिमानानं, “हे त्यांनी खात्याला फोन करून सांगितलं. दोनदा.”

अमृतरावांकडं राजकारण आहे, हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

खात्यातून कुणाचा तरी फोन. नाव सांगेना. कार्यक्रम नक्की किती वाजता आहे, एवढंच विचारत होता. फार कळवळून.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मोटर आली. ठेकेदाराचा टेंपो दुपारी येळवाडीत, चार माणसं, जोडणी, पाइप. संध्याकाळी बोगद्याची जमीन दिसली. चार वर्षांत ती कुणी पावसाळ्यात पाहिली नव्हती. म्हशी नाराज.

तर असा हा क्रम. मोटर आधी लोकसभेत बसली, मग गावात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ग्रामपंचायतीचं झेंडावंदन आटोपून पूजन. मोटर नवी म्हणता येईल इतपत पुसलेली होती. हार, नारळ, हळदकुंकू. खात्याचे साहेब आले होते आणि मोटर चालू असेपर्यंत श्वास रोखून उभे होते.

अमृतराव बोलले. पाच मिनिटं, मराठीत, कागदाविना. पाय कापत असतील तर धोतरात दिसले नाहीत. म्हणाले, “मी दिल्लीत उभा राहिलो, पण चुकीच्या जागी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही. हिशेबात हे भाषण धरता येत नाही, ते सभागृहात झालेलं नाही. वाईट वाटलं.

मग ऋतुजा दप्तर घेऊन बोगद्यातून चालत गेली, पलीकडं, शाळेच्या झेंड्याला. मागं बाप. तो बोगद्याच्या मध्यावर थांबला, खाली बघितलं, पायानं जमीन चाचपली आणि म्हणाला, “जा.”

लालमहंमदनं मोटरीचा फोटो काढला, हारासकट. उद्या अंक नाही, रविवारी छापू. घरी येऊन हिला सांगितलं, घे, पुढचं झालं. ती म्हणाली, “बघा, मी म्हटलं नव्हतं?”

१७ ऑगस्ट, रविवार

फोटो पहिल्या पानावर. सकाळी नऊला अनोळखी नंबर. शेषेराव म्हणून कुणी, नांदेडच्या वाटेवरच्या, याच रस्त्यावरच्या एका गावचे. आवाज अगदी शांत.

“साहेब, पेपरात मोटर बघितली. पाइपाला दोरी बांधलेली दिसायली न्हवं, ती माज्या बैलाची हाय. गाठबी माजीच. गुरुवारी ठेकेदाराची मान्सं आलती, दुरुस्तीला न्यायलाव म्हन्ली. काल रातीपासून आमच्या बोगद्यात मांडीएवढं पाणी हाय.”

मी अंक उचलून फोटो बघितला, पाइपाला दोरी होती.

“तुमच्या बातमीत लिवलंय, पोरगी धाव्वीला हाय म्हनून. आमचीबी धाव्वीलाच हाय, साहेब.”